बुकीचे देणे आणि कार्डाचे देणे

आयपीएल संपली की बीड, परळी, माजलगाव, केज इकडे एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो. विचारणारा बहुधा पंचवीस ते चाळिशीतला असतो. कुणी शिक्षक, कुणी कारखान्यात पगारदार, कुणी मोबाइलचे दुकान चालवणारा. प्रश्न असा : "जुगाराचं देणं कायद्यात बसतच नाही म्हणे. मग क्रेडिट कार्डाचे पैसे भरायचे कशाला?"

यातले पहिले वाक्य खरे आहे. दुसरे वाक्य माणसाला खड्ड्यात घालते. बुकीकडे हरलेले पैसे कोर्टातून वसूल होत नाहीत. पण बुकीला किंवा ॲपवाल्याला देण्यासाठी कार्डावरून जे पैसे उचलले, ते बँकेचे देणे आहे आणि ते वसूल होते. आपल्याकडे होते नेमके उलटे. बुकी चौकात भेटतो, घरी येतो, चारचौघांत अब्रू काढण्याची भीती घालतो, म्हणून त्याचे आधी फेडले जाते. बँक म्हणजे नुसता फोनवरचा आवाज, म्हणून तिचे मागे पडते. कायद्याने ज्याचा हक्क शून्य त्याला रोख मिळते आणि ज्याचा हक्क पक्का त्याचे व्याज चढत राहते. हा उलटा क्रम सुलटा करावा, एवढ्यासाठी हा लेख.

आधी कायदा पाहू. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम ३० सांगते की पैजेचा करार रद्दबातल आहे आणि पैजेत जिंकलेली रक्कम वसूल करायला दावा चालणार नाही. ५०० रुपये वा त्याहून जास्त बक्षिसाच्या घोड्यांच्या शर्यतीपुरता एक जुना अपवाद आहे, तो आपल्या कामाचा नाही. हा नियम आकाशातून पडला नाही. १८४० च्या दशकात मुंबईचे व्यापारी सरकारी लिलावात अफूला काय भाव फुटेल यावर पैजा लावत. त्यातल्या एका पैजेचा वाद थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि तिथे १८४८ मध्ये निकाल लागला की अशी पैज कोर्टातून वसूल करता येते. सरकार खडबडून जागे झाले आणि त्याच वर्षी पैजांचे करार रद्द ठरवणारा कायदा आला. पुढे करार कायद्यात तेच तत्त्व आले. म्हणजे तुमच्या गल्लीतल्या बुकीला कोर्टाची पायरी का चढता येत नाही, याचे मूळ पावणेदोनशे वर्षे मागे आहे.

याची दुसरी बाजूही लक्षात असू द्या. बुकीला वसुलीचा दावा लावता येत नाही, तसाच तुम्हालाही हरलेले पैसे परत मिळवायचा दावा लावता येत नाही. दिले ते गेले.

मात्र खेळच बनावट असेल तर गोष्ट निराळी. २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याला गोंदियातल्या बुकीने बनावट ॲपवर खेळवून सुमारे ५८ कोटी रुपयांना बुडवल्याचा गुन्हा दाखल झाला आणि पोलिसांनी झडतीत कोट्यवधींची रोकड व सोने जप्त केले. आधी थोडे जिंकू द्यायचे, मग मोठे लावायला लावायचे आणि पैसे काढायला गेले की अडकवायचे, ही रीत तुमच्या बाबतीतही घडली असेल तर तो फसवणुकीचा गुन्हा होऊ शकतो. ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

आता कार्डाकडे येऊ. कार्ड वापरले की तीन माणसे मध्ये येतात : तुम्ही, ज्याला पैसे मिळाले तो आणि बँक. पैज तुमच्यात आणि बुकीत लागली. बँकेने कुठलीही पैज लावलेली नाही. भारत जिंकला काय, हरला काय, बँकेला तितकेच पैसे परत हवेत. पैजेत दोन्ही बाजूंची हारजीत असावी लागते आणि इथे बँकेची हारजीत नाहीच. म्हणून कलम ३० चा रोख बँकेकडे वळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये घेरूलाल पारख यांच्या खटल्यात हे आणखी स्पष्ट केले. पैजेचा करार रद्दबातल असतो, पण तेवढ्याने तो बेकायदा ठरत नाही. म्हणून पैजेला जोडून झालेले बाजूचे करार आपोआप मोडत नाहीत.

इथे एखादा अभ्यासू वकील म्हणेल की मुंबई प्रांतात १८६५ चा एक खास कायदा होता आणि त्याने पैजेला मदत करणारे बाजूचे करारही रद्द ठरवले होते. बरोबर आहे. १९५९ च्या निकालातही या मुंबईच्या वेगळेपणाचा उल्लेख आहे. पण बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि मुंबई राज्यात आला तो १९५६ मध्ये. त्या जुन्या कायद्यावर भिस्त ठेवायची असेल, तर तो मराठवाड्याला कसा आणि किती लागतो हे वकिलाकडून आधी तपासून घ्या. शिवाय पैसा पैजेसाठीच दिला आणि देणाऱ्याला ते माहीत होते, हे दाखवल्याशिवाय तो मुद्दा उभाच राहत नाही.

आणि गाडी अडते ती इथेच. प्रत्यक्षात कार्डावरून जुगाराकडे पैसा कसा जातो ते पाहा. ओळखीच्या दुकानात कार्ड स्वाइप करायचे, दुकानदार शेकडा दोन-तीन रुपये कापून रोख हातात ठेवतो आणि मशीनमधून पावती निघते मोबाइलची नाही तर किराण्याची. नाहीतर भाडे भरण्याच्या ॲपवर मित्राला घरमालक दाखवून त्याच्या खात्यात 'भाडे' पाठवायचे. रुपे कार्ड युपीआयला जोडलेले असेल तर कुणाचा तरी क्यूआर स्कॅन करायचा. 'आयडी' देणारा माणूस रोज नव्या खात्याचा क्रमांक पाठवतो आणि ते खाते कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीच्या नाही तर परक्या मजुराच्या नावावर असते. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये जुगार हा शब्द कुठेच उमटत नाही. मग कोर्टात उभे राहून काय म्हणणार? मी दुकानदाराशी संगनमत करून खोटी खरेदी दाखवली, असे? तो बचाव राहत नाही, कबुली होते.

हा युक्तिवाद जगात आधीच झालेला आहे. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील एका महिलेने ऑनलाइन कॅसिनोत कार्डांवर ७० हजार डॉलरहून अधिक घालवले आणि वसुलीच्या दाव्याला उत्तर म्हणून कार्ड कंपन्यांवरच उलटा दावा ठोकला. तिचे प्रकरण तडजोडीने मिटले. कंपन्या हादरल्या आणि जुगाराचे व्यवहार अडवू लागल्या. पण पुढे इतर खेळाडूंनी तसेच दावे लावले, तेव्हा २००२ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने ते फेटाळले. ब्रिटनने वेगळा रस्ता धरला. १४ एप्रिल २०२० पासून तिथे क्रेडिट कार्डाने जुगार खेळायलाच बंदी आली. उसन्या पैशावर खेळणारा सगळ्यात लवकर बुडतो, हे त्या सरकारने ओळखले.

आपल्याकडे त्याच्या पुढचे पाऊल २०२५ मध्ये पडले. ऑनलाइन गेमिंगच्या प्रोत्साहन व नियमनाचा कायदा ऑगस्टमध्ये संसदेने मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा, या कायद्याने बंद. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षे आणि ५० लाख. बँकांनी व पैसे वळवणाऱ्या कंपन्यांनी असे व्यवहार होऊ देऊ नयेत, हेही त्यात आहे. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले, तरी मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ तेव्हाच थांबवले. रमी हा कौशल्याचा खेळ, हा १९६८ च्या निकालापासून चालत आलेला आधार ऑनलाइन पैशांच्या खेळाला आता पुरत नाही. बँकेने जाणूनबुजून जुगाराचा व्यवहार होऊ दिला असे कागदोपत्री दाखवता आले, तर नव्या कायद्याच्या जोरावर भांडायला जागा मिळू शकते. पण ती आशा धरून हप्ते थांबवू नका. व्याज त्या निकालाची वाट पाहत थांबत नाही.

खेळणाऱ्याला शिक्षाच नाही, असेही समजू नका. तिर्रटचा अड्डा, मटक्याची चिठ्ठी यांना १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागतो आणि अड्ड्यावर सापडलेला खेळणाराही त्यात आरोपी होतो. परदेशी साइटवर कार्डाने पैसे पाठवले असतील तर परकीय चलनाचा कायदाही आडवा येतो. लॉटरीची तिकिटे, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक यांसाठी परदेशात पैसे पाठवायला २००० च्या नियमांत मनाई आहे आणि दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. "मी जुगार खेळलो म्हणून देणे लागत नाही" असे बँकेला लेखी कळवण्याआधी हे ध्यानात घ्या. तो कागद तुमच्याच सहीचा असतो.

बुकीकडचा कोरा चेक

बुकी कोर्टात जात नाही हे तोही जाणतो. म्हणून तो कोरा चेक घेतो आणि बॉण्डवर 'हातउसने घेतले' असे लिहून घेतो. मग चेक वटला नाही की वकिलाची नोटीस येते आणि परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी केस लागते. इथे घाबरून गप्प बसणे सर्वांत वाईट. कलम १३८ ला कायद्याने वसूल होणारे देणे लागते आणि पैजेचे देणे तसे नसते. पण चेकवर सही तुमची असली की देणे होते असे कोर्ट गृहीत धरून चालते, ते गृहीतक मोडायची जबाबदारी तुमच्यावर. त्यासाठी पुरावा हवा : आयडी आणि पासवर्ड पाठवल्याचे व्हॉट्सॲप मेसेज, सामन्याच्या दिवशीचे व्यवहार, 'लेना-देना'चे हिशेब, बोलणे. ते लाजेखातर पुसून टाकू नका. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत वकिलामार्फत उत्तर द्या. आणि बुकीने मारहाणीची, बायकापोरांना उचलण्याची धमकी दिली असेल तर ती खंडणी आणि धमकीचा गुन्हा आहे. आपण जुगार खेळलो म्हणून पोलीस ऐकणार नाहीत, असे मनाशी धरून पुष्कळ जण मार खातात. तसे करू नका. ठाण्यात जाताना सोबत वकील न्या.

सावकाराची गोष्ट याहून अवघड. कार्डाचा तगादा बंद करायला लोक शेकडा पाच, शेकडा दहा रुपये महिन्याने पैसा उचलतात. कार्डाचे महिना साडेतीन टक्के जास्त वाटतात आणि दहा टक्क्यांनी घेतलेला पैसा सुटका वाटतो, कारण तो लगेच मिळतो. पुढे इसार पावती होते, मग खरेदीखत आणि सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव चढते. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. सावकारीच्या ओघात जमीन लिहून घेतली असेल तर कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतले व्यवहार ते तपासू शकतात आणि जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. खरेदीखत झाले म्हणजे सगळे संपले, असे नाही.

बँक काय करू शकते

पहिली गोष्ट, कार्डाचे पैसे थकले म्हणून पोलीस पकडून नेत नाहीत. तो दिवाणी व्यवहार आहे. फोनवर "वॉरंट निघालंय, बीडला माणूस पाठवलाय" असे सांगणारा खोटे बोलतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांत किंवा गावात बदनामी करायची नाही. तसे झाले तर तारीख, वेळ आणि नंबर लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८. बँकेला चेक दिला असेल किंवा खात्यातून परस्पर हप्ता कापायची परवानगी दिली असेल आणि तो परत गेला, तर मात्र फौजदारी प्रकरण उभे राहू शकते, हे लक्षात ठेवा.

बँक दिवाणी दावा लावू शकते. मुदत साधारणपणे ३ वर्षांची. पण अधेमध्ये तुम्ही देणे लेखी मान्य केले किंवा थोडे जरी पैसे भरले, तर मुदत नव्याने मोजली जाते. हल्ली दावा लावण्याऐवजी लवादाची नोटीस येते. पत्ता चेन्नईचा, दिल्लीचा नाही तर मुंबईचा आणि सुनावणी मोबाइलच्या लिंकवर. ही नोटीस कचऱ्यात टाकणारे फार. मग एकतर्फी निवाडा होतो, तो कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो आणि बजावणीचे प्रकरण बीडच्या कोर्टात येऊन पगाराला हात घालते. लवाद बँकेने परस्पर नेमला असेल तर त्याला हरकत घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन निकालात आणि पुढे २०२४ मध्ये घटनापीठाने अशी एकतर्फी नेमणूक अमान्य केली आहे. हरकत पहिल्याच उत्तरात लेखी घ्या. निवाडा झालाच असेल तर त्याला आव्हान द्यायला निवाडा मिळाल्यापासून ३ महिने आणि सबळ कारण असेल तर वर ३० दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही.

हुकूमनामा झाला तरी सगळेच जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे शेतकऱ्याचे राहते घर, शेतीची अवजारे, बैल आणि बियाणे जप्तीतून वगळले आहेत. पगारातले पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित आहेत. ऐपत असूनही न देणाऱ्यालाच दिवाणी कैद होऊ शकते. निव्वळ गरिबीपायी देता आले नाही म्हणून तुरुंग नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले. पगाराचे खाते आणि कार्ड एकाच बँकेचे असेल तर खात्यातल्या पैशांवर बँक हात ठेवू शकते, म्हणून घरखर्चाची सोय आधी पाहा. राज्य सरकारी नोकरांना आणखी एक धोका आहे. १९७९ च्या वर्तणूक नियमांत कर्जबाजारीपणा आणि दिवाळखोरी टाळण्याची सक्ती आहे.

दिवाळखोरीचा अर्ज करून मोकळे व्हावे असेही सुचवले जाते. १९२० चा प्रांतिक नादारी कायदा अजून चालतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात करता येतो. पण त्याच्या कलम ४२ मध्ये स्पष्ट लिहिले आहे की जुगारामुळे नादारी ओढवली असेल तर पूर्ण मुक्तता नाकारली जाते. जुगाऱ्याला तो दरवाजा अर्धाच उघडतो.

घरच्यांच्या मनात मोठी भीती असते : हे देणे आमच्यावर येईल का? नाही. कार्ड ज्याच्या नावावर, देणे त्याचे. बायको जामीन नसेल तर तिच्याकडे मागता येत नाही. वडिलांच्या देण्यासाठी मुलाला धरायची जुनी रूढी हिंदू कायद्यात होती, पण जुगाराचे, दारूचे देणे तेव्हाही मुलावर बंधनकारक नव्हते. याज्ञवल्क्य स्मृतीत ते वगळले आहे आणि मिताक्षरेने तेच मानले. २००५ च्या दुरुस्तीने तर बापाच्या नव्या देण्यासाठी मुलाला धरायचा तो आधारच काढून घेतला. माणूस गेल्यावर त्याच्या मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतेच देणे वारसांकडून मागता येते. वसुलीवाला सुतकाच्या घरी येऊन "आता तुम्ही भरा" म्हणाला, तर त्याला कागद मागा, सही देऊ नका.

याउलट मुलाने वडिलांचे कार्ड वापरले असेल, तर "हा व्यवहार मी केला नाही" असे सांगून सुटता येत नाही. ओटीपी घरातूनच गेला असेल तर ती खातेदाराची हयगय धरली जाते. खोटी तक्रार तर मुळीच करू नका. चौकशीत मोबाइल नंबर आणि जागा दोन्ही निघतात आणि मग बापाच्या नावाने खोट्या तक्रारीचे नवे प्रकरण सुरू होते.

आता हिशेब

कार्डावर ८०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिना साडेतीन टक्के आहे असे धरा. एका महिन्याचे व्याज २,८०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४ रुपये, एकूण ३,३०४. बिलावर किमान रक्कम ५ टक्के, म्हणजे ४,००० छापलेली असते. ते ४,००० भरले तर मूळ देण्यातून कमी झाले फक्त ६९६ रुपये. नवीन एक रुपया खर्च केला नाही तरी. ३० टक्क्यांहून जास्त व्याज बेकायदा आहे, असे काही जण अजून सांगतात. ग्राहक आयोगाचा २००८ चा तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तो आधार आता उरलेला नाही.

म्हणून पहिले काम हेच. आज कार्डाच्या ॲपमध्ये ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद करा, युपीआयची जोडणी काढा, मर्यादा कमी करा. आयडी देणाऱ्याचा नंबर ब्लॉक करा, तो ग्रुप सोडा. मग गेल्या सहा महिन्यांची स्टेटमेंट घेऊन घरातल्या एका विश्वासू माणसासमोर बसा आणि देण्यांचे तीन ढीग करा. बुकीचे एका बाजूला, तिथे यापुढे एक रुपयाही जाणार नाही. सावकाराचे दुसऱ्या बाजूला, त्याचे कागद उपनिबंधकाकडे आणि वकिलाकडे न्यायचे. तिसरा ढीग बँकांचा, तो खरा फेडायचा.

बँकेला थकबाकीच्या हप्त्यांसाठी लेखी विनंती करा, तोंडी नको. हप्त्यांवरचा व्याजदर कार्डाच्या निम्म्याच्या आसपास मिळाला तरी मोठा दिलासा आहे. एकरकमी तडजोड होत असेल तर आधी बँकेच्या लेटरहेडवर पत्र घ्या, मगच पैसे भरा आणि तेही कार्डाच्या खात्यात. घरी आलेल्या वसुलीवाल्याच्या हातात रोख देऊ नका. भरल्यावर थकबाकी नसल्याचा दाखला मागा. तडजोडीची नोंद सिबिलमध्ये राहते आणि पुढची काही वर्षे कर्ज मिळायला त्रास होतो, हे ठाऊक असू द्या. बँकेने कर्ज राइट ऑफ केले म्हणजे माफ केले, असाही समज आहे. ती बँकेच्या वहीतली नोंद असते, वसुली चालूच राहते. देणे फिटले की कार्ड बंद करायची लेखी विनंती करा. ७ कामाच्या दिवसांत बंद केले नाही तर बँकेला दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात.

घरात सोने असेल तर ते बँकेत तारण ठेवून कार्ड फेडणे हिशेबाला बरे, कारण तिथले व्याज कार्डाच्या कितीतरी खाली असते. पण खेळ खरोखर थांबला असेल तरच. नाहीतर कार्ड पुन्हा भरते आणि आईचे गंठणही जाते. पीक कर्ज काढून कार्ड मिटवू नका. पेरणीच्या वेळी हात रिकामा राहिला की पुन्हा सावकारच उरतो.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर बीडच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो, इतरांना ३ लाखांच्या वार्षिक उत्पन्नापर्यंत. क्रमांक १५१००. लोकअदालतीत बँकांची प्रकरणे मांडली जातात, तिथे व्याजात सूट मिळवायची संधी असते. नोटीस आली की त्या दिवशी जाच.

खेळ सुटत नसेल तर तो स्वभावाचा दोष नाही, उपचार होणारा आजार आहे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. घराबाहेर पडायची लाज वाटत असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. देण्यापायी जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, किंवा घरातला माणूस गप्प-गप्प झाला असेल, जेवत नसेल, रात्री मोबाइल घेऊन एकटा बसत असेल, तर देण्याचा हिशेब बाजूला ठेवा. आधी हा फोन लावा आणि त्या माणसाला एकटे सोडू नका. बँकेला उत्तर आठवड्याने दिले तरी चालेल.